कलगी-तुऱ्याचा सामना

दोन पुढाऱ्यांची एकमेकांवर चिखलफेक सुरू झाली की वर्तमानपत्रे हमखास छापतात, 'अमुक आणि तमुक यांच्यात कलगी-तुरा रंगला.' शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. पण ज्या कलगी-तुऱ्यावरून तो आला त्यात चिखल नव्हता. त्यात डफ होता, तुणतुणे होते, रात्रभर चालणारे गाणे होते, आणि गाण्याला गाण्यानेच उत्तर द्यायचे अशी सक्त अट होती. शिव्या देऊन सुटका नव्हती. आज या सामन्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे. शिक्षक मंडळींनी जरा अधिक लक्ष द्यावे, कारण शेवटी त्यांच्याकडे एक काम मागायचे आहे.

तुरा आणि कलगी ही दोन्ही पगडीवर खोचायची लेणी. कथा अशी सांगतात की, मध्य हिंदुस्थानात चंदेरीच्या राजापुढे तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर असे दोघे गाण्यातून वाद घालीत बसले. एक म्हणे शिव श्रेष्ठ, दुसरा म्हणे शक्ती श्रेष्ठ. कोणीच हटेना. राजाने खूश होऊन एकाला आपल्या पगडीवरचा तुरा दिला, दुसऱ्याला कलगी दिली. तेव्हापासून शिवाची बाजू घेणारे ते तुरेवाले आणि शक्तीची बाजू घेणारे ते कलगीवाले. कथेतला इतिहास किती आणि पदरचे किती, याची चिकित्सा मी येथे करीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हिंदू गोसावी आणि मुसलमान फकीर असे दोघे या गाण्याचे मूळपुरुष मानले गेले, आणि पुढे शेकडो वर्षे गाणाऱ्यांनी ही कथा आनंदाने सांगितली. त्यात त्यांना काही विचित्र वाटले नाही.

हा खेळ एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. राजस्थानात आणि माळव्यात 'तुर्रा-कलंगी' नावाने तो नाट्यरूपात उभा राहिला. उत्तर कर्नाटकात कानडी भाषेत हरदेशी आणि नागेशी अशा दोन बाजू गातात. हरदेशी पुरुषाची थोरवी गातो, नागेशी स्त्रीची. आपल्याकडेही जुने शाहीर कलगीला नागेशवळी आणि तुऱ्याला हरदासी म्हणत. नावे बघा, सख्ख्या बहिणींसारखी आहेत. भाषा बदलली, पण वाद तोच राहिला. कोकणात जाखडी नाचात 'शक्ती-तुरा' अजूनही चालतो. मुंबईला नोकरीला गेलेला चाकरमानी तिकीट काढून, सभागृहात बसून हा सामना बघतो. आपल्या देशावर मात्र तो मागे पडला. त्याबद्दल पुढे बोलू.

आता सामना कसा होई ते सांगतो. जत्रा असे, उरूस असे, नाहीतर एखाद्या पाटलाने दोन्ही फडांना सुपारी दिलेली असे. रात्री जेवणे उरकली की गाव चावडीपुढे जमे. दोन फड समोरासमोर बसत. प्रत्येक फडात मुख्य शाहीर, तुणतुणेवाला, डफवाला, आणि ओळ उचलून धरणारे दोनतीन झीलकरी. डफाला कुणाच्या कलगी बांधलेली, कुणाच्या तुरा. आधी गण होई. गणपतीला दोघेही नमन करीत, त्याबाबतीत भांडण नव्हते. मग एक शाहीर उभा राहून सवाल टाकी. सवाल म्हणजे नुसता प्रश्न नव्हे. तो चालीत बांधलेला, यमकात बसवलेला, पुराणातले किंवा वेदान्तातले एखादे कूट पोटात घेतलेला. म्हणूनच अशा कवनांना 'भेदिक' म्हणतात. त्यातला भेद समोरच्याने ओळखायचा. आणि नुसता ओळखून भागत नसे. जवाब त्याच चालीत, शक्य तर त्याच यमकात गाऊन द्यायचा, आणि जाता जाता आपला सवाल उलटा टाकायचा.

समजा, तुरेवाल्याने विचारले, 'बाई, तू जमीन आहेस हे खरे. पण बी पडल्यावाचून जमिनीत काय उगवते? पडीक रानाला कोण विचारतो?' येथे बी म्हणजे शिव आणि जमीन म्हणजे शक्ती, हे ऐकणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. लोक माना डोलावतात. आता कलगीवाल्याची कसोटी. तो म्हणेल, 'दादा, बी कणगीत वर्षभर ठेवलेस. त्याला कोंब का फुटला नाही?' झाले. सगळा जमाव कलगीकडे झुकतो. तुरेवाला पुन्हा उठतो, 'कणगीतले बी निजलेले असते, मेलेले नसते. निजलेल्याला जागे करणारा पाऊस कुठून येतो ते सांग.' म्हणजे वाद आता जमिनीवरून आभाळात गेला. असे करता करता पहाट होई. वरचे दाखले मी समजावण्यापुरते रचले आहेत, पण वादाची जात अशीच असे. ज्याला सांख्यांचे प्रकृती-पुरुष पुस्तकातून कधी कळले नसते, त्याला ते कणगीतून आणि पावसातून कळत. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माझ्या एका स्नेह्याला मी एकदा म्हटले, तुमच्या वर्गात मुले पहाटेपर्यंत बसतील काय?

जवाब सुचला नाही तर काय होई? होड लागलेली असली तर हरलेल्याचा डफ, तुणतुणे किंवा निशाण जिंकलेल्याच्या हवाली करावे लागे. शाहिराला याहून मोठी नामुष्की नाही. म्हणून सवाल फार जपून ठेवीत. गुरू शिष्याला तोंडी पाठ देई. लिहून ठेवलेल्या वहीला 'बाड' म्हणत. ते फडक्यात बांधलेले असे, आणि परक्याच्या नजरेला पडू देत नसत. कवनाच्या शेवटी शाहिराची नाममुद्रा असे, बहुधा गुरूच्या नावासकट. ती काढून आपली घालणारे चोरही होतेच म्हणा. कुठल्या धंद्यात नसतात?

आपल्या जिल्ह्याचा या शाहिरीशी संबंध जवळचा आहे. अनंत फंदी संगमनेरचा. जन्म 1744, मृत्यू 1819. मूळ आडनाव घोलप, जातीने ब्राह्मण. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या नामांकित शाहिरांत त्याचे नाव पहिल्या ओळीत घेतात. बाकीचे पहा. रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम सिन्नरजवळच्या बावीचा शिंपी, सगनभाऊ मुसलमान. होनाजी लावणी रची आणि बाळा कारंजकर गाई, म्हणून दोघांचे मिळून 'होनाजी-बाळा' असे एकच नाव झाले. या होनाजी-बाळाचा प्रतिस्पर्धी म्हणजे सगनभाऊ. गवळ्याच्या फडासमोर मुसलमानाचा फड, आणि ऐकायला पुण्याचे सरदार, कारकून, पेठेतले दुकानदार. डफावर थाप पडली की जात विचारायला सवड नसे, जवाब येतो की नाही एवढेच बघितले जाई. मात्र याचा फार गोडवा गाऊ नये. पहाटे डफ खाली ठेवला की जो तो आपापल्या आळीत परत जाई, आणि आळ्या होत्या तशाच राहात. तमाशाचे फड ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जगविले त्या महार-मांग कलावंतांना गावाने रात्री टाळ्या दिल्या आणि सकाळी पाणी वरून वाढले. हेही त्या गाण्याच्या इतिहासात लिहिले पाहिजे.

फंदीविषयी अशी गोष्ट सांगतात की, अहिल्याबाई होळकरांनी त्याला समज दिली, 'एवढी बुद्धी तमाशात कशाला घालवता?' आणि तेव्हापासून तो डफ टाकून कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाईही आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. आज जिल्ह्याला त्यांचेच नाव आहे. गोष्ट खरी असो वा नसो, मला तीत थोडे दुःख वाटते. कारण कीर्तनकार फंदी आपल्याला आठवतो तो त्याच्या फटक्यांमुळे. उपदेशाच्या त्या सडेतोड कवनांचा पायंडा त्यानेच पाडला असे मानतात. पण फडात उभा राहून सवाल घेणारा, क्षणात जवाब जुळविणारा तरुण फंदी आपल्या हाती फारच थोडा लागतो. उपदेश लोकांनी पाठ केला, चकमक हवेत विरली. संगमनेरात त्याच्या नावाची व्याख्यानमाला चालते ही चांगली गोष्ट आहे. व्याख्यानाऐवजी एखादे वर्षी सामना ठेवला तर बुवा अधिक खूश होतील असे मला आपले वाटते.

संगमनेर तालुक्याने आणखीही दिले. पवळाबाई हिवरगाव पावश्याची. त्या काळी बाईच्या भूमिकेत नाच्या पोऱ्या उभा राही. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्यावहिल्या स्त्रियांत पवळेचे नाव घेतात. तिच्याबरोबर पठ्ठे बापूरावांची जोडी जमली. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, जन्म 1866, मृत्यू 1945. पवळेपायी आणि तमाशापायी त्यांनी जातीचे बंधन तोडले. येथे एक गंमत सांगून ठेवतो. शक्ती श्रेष्ठ, शक्ती श्रेष्ठ म्हणून कलगीवाले पुरुष पिढ्यान् पिढ्या गात आले, पण प्रत्यक्ष स्त्रीला फडात बसायला जागा नव्हती. कर्नाटकात नागेशीच्या बाजूने स्त्रिया स्वतः गातात. बाईची बाजू बाईच मांडते, तेव्हा सवालाची धार काही और असते. कांताबाई सातारकर याही पुढे संगमनेरच्याच झाल्या. 2021 साली तेथेच त्यांनी देह ठेवला.

आता थोडे दूर जाऊ. युरोपात 1956 पासून देशादेशांमध्ये गाण्याची स्पर्धा होत आली आहे. तिला युरोव्हिजन म्हणतात. पहिली स्पर्धा स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी झाली. सात देश आले, प्रत्येकाने दोन दोन गाणी म्हटली, आणि यजमान स्वित्झर्लंडच जिंकला. महायुद्ध संपून तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. काल एकमेकांवर बॉम्ब टाकणारे देश आता एकमेकांच्या गाण्याला गुण देत होते. कल्पना म्हणून ती मला आपल्या चंदेरीच्या दरबारापेक्षा वेगळी वाटत नाही. पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. तेथे गाणे घरून बसवून आणतात. कोणी कोणाला जवाब देत नाही. प्रत्येकजण आपले गाऊन खाली बसतो आणि गुणांची वाट पाहतो.

या स्पर्धेतली पोर्तुगालची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा छोटा देश 1964 साली पहिल्यांदा उतरला आणि त्याला शून्य गुण मिळाले. 1974 साली इंग्लंडात ब्रायटन येथे 6 एप्रिलला स्पर्धा झाली. स्वीडनचा आबा नावाचा संच इंग्रजीत गाऊन जिंकला आणि जगभर गाजला. पोर्तुगालचा गायक पाउलो द कार्व्हाल्यो आपल्या भाषेत प्रेमाच्या निरोपाचे गाणे म्हणाला आणि बरोबरीने शेवटच्या क्रमांकावर आला. आता पुढे ऐका. पोर्तुगालमध्ये तेव्हा कित्येक दशकांची हुकूमशाही होती. सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती उलथवण्याचा बेत केला होता. सर्वांना एकाच वेळी इशारा कसा द्यायचा? त्यांनी रेडिओ निवडला. 24 एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे कमी असताना लिस्बनच्या रेडिओवरून हेच गाणे वाजले. ब्रायटनला शेवटच्या क्रमांकावर पडलेले. कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते, साधे प्रेमगीत. पण ज्यांना ठाऊक होते ते तयारीला लागले. मध्यरात्रीनंतर दुसरे एक गाणे लागले आणि सैन्य बराकीतून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी राजवट कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुले खोवली.

गुण देणाऱ्यांना हे कसे दिसावे? दिसणार नाहीच. गाणे कुठे आणि कधी कामाला येईल हे त्या रात्रीच्या निकालाने ठरत नाही. पुढे पोर्तुगालने 2017 साली स्पर्धा जिंकली, पदार्पणानंतर 53 वर्षांनी. साल्व्हादोर सोब्राल नावाच्या तरुणाने पोर्तुगीज भाषेतच गाऊन ती जिंकली. 1999 पासून कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा झाली होती, आणि बहुतेक देश इंग्रजीकडे धावले होते. याने आपल्या बोलीचा हट्ट सोडला नाही. आपल्या मुलांना मराठी गाणी जुनाट वाटतात अशी तक्रार करणाऱ्या मास्तरांना ही हकीकत वर्गात सांगता येईल.

आपल्या शाहिरालाही एकदा परदेशातल्या स्पर्धेत जाण्याचा योग आला, तो चित्रपटातून. शांतारामबापूंनी होनाजीवर 'अमर भूपाळी' काढला, 1951 साली. तो 1952 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात स्पर्धेसाठी होता, आणि त्याच्या ध्वनिलेखनाला तेथे तांत्रिक पारितोषिक मिळाले. होनाजीचे शब्द त्या परीक्षकांना काय कळले असतील ते असोत. आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला.

चित्रपटांनी सवाल-जवाब घरोघरी नेला हे खरे. 1947 चा 'रामजोशी', 1964 चा 'सवाल माझा ऐका', अशी मालिकाच झाली. पण पडद्यावरचा सवाल-जवाब आधीच लिहिलेला असतो. कोण हरणार ते कवीने ठरविलेले असते. प्रेक्षकाला त्याची चटक लागली आणि खरा फड फिका वाटू लागला. भेदिकाला तीन तास डोके लावायला लोकांना धीर राहिला नाही. आधी सिनेमा आला, मग दूरदर्शन, आता तर प्रत्येकाच्या खिशातच तमाशा. फडकरी म्हातारे झाले. त्यांची मुले साखर कारखान्यात, एस.टी.त, पुण्या-मुंबईला गेली. त्यांना दोष कसा द्यावा? सवालाने पोट भरत नाही.

राहिली ती बाडे. पोवाडे बरेचसे वाचले. अ‍ॅक्वर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शाळिग्रामांच्या साहाय्याने ते जमवून 1891 साली छापले, आणि पुढे य. न. केळकरांनी जन्मभर ते काम केले. पोवाड्यात लढाई असते, राजा असतो, म्हणून इतिहासकाराला त्याची गरज. लावणीलाही रसिक भेटले. भेदिकाला मात्र फारसा कोणी वाली नाही. त्यात ना इतिहास, ना शृंगार. दोन माणसांनी रात्र जागवून केलेला वाद, एवढेच.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने आजोबांचे बाड मला आणून दाखविले. लाल फडक्यात बांधलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या, पहिली काही पाने मोडीत आणि पुढची बाळबोध. आजोबा कलगीवाले. पाने चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी थबकलो. त्यात सवाल होते, ओळीने चाळीसएक. जवाब नव्हते. प्रथम वाटले पाने गळाली असावीत. मग उलगडा झाला. आजोबांनी आपले सवाल लिहिले होते. जवाब होता समोरच्या तुरेवाल्याकडे, म्हणजे त्याच्या बाडात, दुसऱ्या कुठल्या तरी गावी, दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर. प्रत्येक बाडात सामन्याची एकच बाजू असते. एक बाड जळाले की दोन फड मुके होतात.

शिक्षक मंडळी, काम मागायचे म्हटले होते ते हे. तुमच्या गावात जुन्या फडकऱ्याचे घर असले तर तेथे जा. बाड मागू नका, ते देणार नाहीत, आणि न देण्यात त्यांचे चुकत नाही. तेथेच बसून उतरून घ्या, किंवा फोनवर एकेक पान टिपून घ्या. हल्ली तेवढी सोय वर्गातल्या पोरांकडेही असते. घरात कोणी म्हातारा चाल म्हणून दाखवील तर ती आधी ध्वनिमुद्रित करा. शब्द कागदावर आणखी दहा वर्षे टिकतील, चाल त्या म्हाताऱ्याबरोबर जाईल. नाममुद्रा नीट वाचा, गुरूचे नाव लिहून घ्या. कलगी की तुरा, आणि कोणत्या गावच्या फडाशी सामना होई, हे जरूर विचारा. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच दुसऱ्या बाडाचा पत्ता लागतो. शुद्धलेखन सुधारू नका. 'पानी' लिहिले असेल तर 'पानी'च राहू द्या.

आणि त्या लाल फडक्यातल्या बाडातला एक सवाल, माझ्या शब्दांत, तुमच्यापुढे ठेवतो. कलगीवाला विचारतो: तेल, वात आणि पणती ही तिन्ही शक्तीची लेकरे. वारा आला आणि दिवा विझला. तेल तेथेच आहे, वात तेथेच आहे, पणती तेथेच आहे. मग तुझा शिव गेला कोठे? त्याखाली आजोबांनी एका गावाचे नाव लिहिले आहे, ते वाळवीने अर्धे खाल्ले आहे. शेवटचे अक्षर 'डी' एवढे वाचता येते. राहाता, राहुरी, पाथर्डी, शेवगाव या भागात कोणाकडे तुऱ्याचे बाड असेल तर त्यात दिव्याचा जवाब आहे का, एवढे पाहावे.